फेसाळ पेला आणि डॉक्टरांचे घर

डॉक्टरने स्मरणिकेत मद्याविषयी लिहावयाचे तर यकृताविषयी लिहावे, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. यंदा मी तो मोडणार आहे. माझा विषय आहे घरच्या घरी तयार करावयाची स्पार्कलिंग वाइनची कॉकटेल्स, म्हणजे फेसाळ वाइनमध्ये फळांचा रस, गर किंवा सोडा मिसळून केलेली थंड पेये. संपादक मंडळातील ज्येष्ठांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. पण ही पेये गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात पोहोचली आहेत, आणि त्यांच्यासोबत काही समजुतीही पोहोचल्या आहेत. हे पेय हलके असते, ते हृदयाला मानवते, आणि खरे पाहता ती दारूच नव्हे, या त्या समजुती. सामान्य गृहस्थाने त्या बाळगल्या तर समजण्यासारखे आहे. मात्र डॉक्टरच्या घरी, डॉक्टरच्या हातून पेला मिळाला की त्या समजुतींवर सही-शिक्का बसतो. माझा आक्षेप पेल्याला नाही, या शिक्क्याला आहे.

गोमंतकात राहून मद्याकडे पाठ फिरवून बसणे तसे कोणालाच जमत नाही. चैत्र-वैशाखात काजूच्या भट्ट्या पेटल्या की हुर्राकाचा वास गावभर पसरतो. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरच्या लग्नाला आपण कुटुंबाचे डॉक्टर म्हणून जातो, तेथे वधूवरांसाठी 'टोस्ट' उचलला जातो आणि फेसाळ वाइनचा उंच पेला आपल्याही हाती येतो. तो ओठाला लावणारे आपल्यात आहेत, नुसता हातात धरून उभे राहणारेही आहेत. दोघांनाही त्या घरी सारखाच मान मिळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या मराठी घरांतील बैठकींत मात्र मला ते तितके दिसत नाही. त्याविषयी पुढे लिहितोच.

प्रथम या पेयांच्या कुळाविषयी थोडे. फेसाळ वाइनमध्ये फळ मिसळण्याच्या कल्पनेला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती व्हेनिसने. तेथील 'हॅरीज बार' १९३१ साली सुरू झाला. त्याचे मालक जुझेप्पे चिप्रियानी यांनी १९४०च्या दशकात पांढऱ्या पीच फळाचा गर आणि प्रोसेक्को ही त्या प्रदेशातील फेसाळ वाइन एकत्र करून एक पेय केले आणि त्याला जोव्हान्नी बेल्लिनी या चित्रकाराचे नाव दिले. पांढरे पीच उन्हाळ्यातच मिळते, म्हणून आरंभी हे पेयही त्या मोसमापुरतेच असे. त्याच भागातील दुसरे पेय म्हणजे स्प्रिट्झ. त्यात प्रोसेक्को, थोडा सोडा आणि पादुआ शहरात १९१९ साली जन्मलेले आपेरोल हे कडवट नारिंगी मद्य घालतात. दोन्ही पेये इटालियन माणूस संध्याकाळी, जेवणापूर्वी, काहीतरी खारे तोंडात टाकत एखादा पेला घेतो. पूर्ण रात्र त्यावर काढण्याचा त्यांचा रिवाज नाही. आपण पेय आयात केले, रिवाज तिकडेच राहिला.

वाइन मात्र आता आयात करावी लागत नाही. १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन तयार केली आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली. त्या काळी मराठी मातीतील वाइन युरोपात विकली जाते ही बातमी आपल्याला अभिमानाची वाटे, मग आपण स्वतः थेंबभरही घेत नसलो तरी! २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिकचा परिसर वाइनचा झाला, आणि २०१३ साली मोएत हेनेसी या फ्रेंच समूहानेही नाशिकच्या द्राक्षांची फेसाळ वाइन भारतात बाजारात आणली. कॉकटेलसाठी महागडी फ्रेंच शॅम्पेन उघडणे हा मी फळाचाही अपमान समजतो आणि शॅम्पेनचाही. नाशिकची साधी 'ब्रूट' पुरे. 'ब्रूट' म्हणजे कमी साखरेची, लिटरला १२ ग्रॅमपर्यंत. गंमत अशी की बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेले असेल तर ती ब्रूटपेक्षा गोड असते. फळाची साखर वेगळी येणारच, तेव्हा वाइन कोरडी असलेली बरी.

आता कृती. बेल्लिनीचे मर्म पीचमध्ये नसून मोसमात आहे, आणि मोसमाच्या बाबतीत आपण व्हेनिसकरांपेक्षा भाग्यवान आहोत. एप्रिल-मेमध्ये पिकलेला मानकुराद घ्यावा, गर गाळणीतून घासून काढावा, त्यात चमचाभर लिंबाचा रस आणि सैल होण्यापुरते थंड पाणी घालावे. गर, पेले, बाटली हे सर्व फ्रिजमध्ये गार केलेले हवे. थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळून राहतो हे आपण बारावीत शिकलो. कोमट गरावर वाइन ओतली की सारा वायू एकदम सुटतो आणि टेबलावरचा कपडा भिजतो. पेल्यात ५० मिलिलिटर गर घालून पेला तिरपा धरावा आणि १०० मिलिलिटर वाइन सावकाश, दोन-तीन टप्प्यांत सोडावी. लांब चमच्याने तळापासून एकदाच हलवावे. घुसळू नये.

दुसरे पेय माझ्या घरचे आवडते, कोकमाचे स्प्रिट्झ. सुकी भिरंड सोलां दोनेक तास कोमट पाण्यात भिजवून पिळावी, पाणी गाळावे आणि साखर घालून सैलसर पाक करावा. बाजारी कोकम सरबतात जिरे आणि मीठ असते, आगळात तर मीठ असतेच. ती येथे चालणार नाहीत. मिठाचा किंवा चाट मसाल्याचा कोरडा कण फेसाळ वाइनमध्ये पडला की त्याच्याभोवती बुडबुडे उसळतात आणि पेय क्षणात मरगळते. हुर्राकात मीठ-मिरची घालण्याची सवय असलेल्यांनी येथे हात आवरावा. मोठ्या पेल्यात भरपूर बर्फ, ३० मिलिलिटर पाक, ९० मिलिलिटर वाइन, ६० मिलिलिटर थंड सोडा आणि वर लिंबाच्या सालीची एक पट्टी. आपेरोल नको. त्याची कडवट बाजू लिंबाची साल थोडी सांभाळते आणि रंगाच्या बाबतीत कोकमापुढे आपेरोल फिकेच पडते.

मिलिलिटर मी मुद्दाम लिहिले आहेत. रुग्णाला पाच मिलिलिटर औषध मापटोपणाने घ्या असे बजावणारे आपण पाहुण्याच्या पेल्यात मात्र डोळ्यांच्या अंदाजाने ओततो. या पेयांचा खरा धोका येथे आहे. हिशेब करून पाहू. मद्यार्क १२ टक्के धरला तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ९० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ७१ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे 'हलकी' म्हणून उघडलेली बाटली सात छोट्या पेगांची धनी आहे. वर दिलेल्या आंब्याच्या पेल्यात साडेनऊ ग्रॅम येतो, कोकमाच्या पेल्यात साडेआठ. आपेरोल ६० मिलिलिटर घालून केलेल्या इटालियन स्प्रिट्झमध्ये मात्र १४ ग्रॅमच्या आसपास भरतो, कारण आपेरोल स्वतःच ११ टक्क्यांचे आहे. फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेवरून नाव पडलेले 'फ्रेंच ७५' घेतले, तर ३० मिलिलिटर जिन आणि ६० मिलिलिटर वाइन मिळून १६ ग्रॅमपर्यंत मजल जाते. चारही पेले दिसायला सारखेच निरागस!

आता विडमार्कचे जुने सूत्र लावू. ६० किलो वजनाच्या स्त्रीने रिकाम्या पोटी आपेरोलचे एक स्प्रिट्झ घेतले, तर रक्तातील मद्यार्क १०० मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ७५ किलोचा पुरुष एका पेल्यात मर्यादेच्या जरा अलीकडे राहील आणि दुसऱ्यात ती ओलांडून बराच पुढे जाईल. सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक फरक पडतो, हे मान्य. परंतु 'एका पेल्याने काय होते' या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपल्या अरुंद, वळणावळणाच्या, दुचाक्यांनी भरलेल्या रस्त्यांवर रात्री अकरा वाजता मिळते. अपघात विभागात काम केलेल्यांना मी अधिक सांगण्याची गरज नाही.

बुडबुड्यांचा स्वतःचाही यात वाटा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बारा जणांना एकदा फेसाळ शॅम्पेन आणि एकदा तीच वायू काढून टाकलेली शॅम्पेन दिली गेली. फेसाळ शॅम्पेन घेतल्यावर सुरुवातीच्या काही मिनिटांत रक्तातील मद्यार्क अधिक वेगाने चढला. बारा माणसांच्या अभ्यासावर सिद्धांत उभारू नये, पण वायूमुळे जठरातील द्रव लवकर पुढे सरकत असावा हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. म्हणून माझ्या घरचा नियम असा: आधी खाणे टेबलावर येते, मग बाटली उघडते. तळलेली सुरमई, उकडलेले शेंगदाणे, कोथिंबीरवडी, जे घरात होईल ते चालते.

बाटली उघडण्याविषयी मात्र मी नेत्रतज्ज्ञ म्हणून अंमळ अधिकाराने बोलणार आहे. पारंपरिक पद्धतीने केलेल्या फेसाळ वाइनच्या बाटलीत वातावरणाच्या पाच ते सहा पट दाब असतो, मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक. सुटलेले बूच ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकते, आणि माणसाची पापणी तितकी चपळ नाही. नववर्षाच्या पहाटे असा एक तरुण माझ्याकडे आणला गेला होता. बाटली हलवून बूच उडवण्याची हौस त्याच्या मित्राची होती, हा केवळ समोर उभा होता. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचले होते. ते आठवड्याभरात ओसरले, दृष्टीही बरीच परतली; पण अशा मारानंतर डोळ्यातील पाणी वाहून नेणारा कोन फाटलेला असू शकतो आणि काचबिंदू काही वर्षांनीही उद्भवू शकतो, म्हणून त्याला दरवर्षी तपासणीस यावे लागते. भिंग सरकणे, दृष्टिपटल सुटणे हेही घडते.

टाळणे किती सोपे आहे पाहा. बाटली नीट गार करावी, म्हणजे आतला दाब उतरतो. ती हलवू नये. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढू नये. बाटली ४५ अंशांत, कोणाच्याही तोंडाकडे रोख येणार नाही अशी धरावी, बुचावर टॉवेल घालावा, बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. बूच सुटताना मोठा 'फटाक' न होता हलकासा सुस्कारा यावा. चित्रपटांतील नायक हे असे करीत नाहीत, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग नसतो.

आता हृदयाकडे येतो. १९९१ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 'फ्रेंच विरोधाभास' घराघरांत पोहोचवला: फ्रेंच लोक लोणी-चीज खातात, वाइन पितात आणि तरीही त्यांचे हृदय शाबूत राहते. पुढल्याच वर्षी सर्ज रेनो यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि आपल्या पिढीच्या डॉक्टरांना एक सोयीस्कर वाक्य सापडले. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. अजिबात न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेले लोक मिसळले होते. मोजून पिणारे बहुधा सुखवस्तू, नियमित व्यायाम करणारे, वेळेवर तपासणी करून घेणारे होते. ही गफलत निस्तरत गेल्यावर तो फायदा विरत गेला. मद्य हे कर्कजनक आहे असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले होते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या प्रमाणानेही वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. हृदयाचे म्हणाल, तर सुटीतील मद्यपानानंतर ठोके अनियमित होऊन येणाऱ्या रुग्णांसाठी 'हॉलिडे हार्ट' हे नाव १९७८पासून आपल्या शब्दकोशात आहेच.

मग पेला टाकून द्यावा काय? ज्याला टाकावासा वाटेल त्याने अवश्य टाकावा. मी स्वतः वर्षातून काही संध्याकाळी एक पेला घेतो, आणि तो मला आवडतो म्हणून घेतो. जिलेबी आपण स्वादुपिंडाच्या हितासाठी खात नाही. आवडीला औषधाचा अंगरखा चढवला की मात्रा वाढते, हे मी माझ्या व्यवसायबंधूंतच पाहिले आहे. 'थोडी वाइन चालते ना डॉक्टर?' असे रुग्णाने विचारल्यावर आपण हसून मान डोलावतो. ती मान आपण आपल्या संध्याकाळच्या समर्थनासाठी डोलावीत असू, तर ते वैद्यक नव्हे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती. आपल्या बैठकीत जो पीत नाही त्याला आपण काय देतो? फ्रिजमधून एक गोड, रंगीत शीतपेयाची बाटली आणि सोबत एक थट्टा. माझ्या परिचयातील एक डॉक्टर अशा बैठकींत दर वेळी वेगळे कारण सांगत. कधी गुरुवार, कधी आम्लपित्त, कधी मेट्रोनिडॅझोलचा कोर्स. हे शेवटचे कारण डॉक्टरमंडळीत सर्वांत खपते. पुढे त्यांनीच मला एकांतात सांगितले की ते काही वर्षांपूर्वी व्यसनातून बाहेर आले आहेत आणि प्रत्येक बैठकीपूर्वी घरून कारण ठरवून निघतात. रुग्णाचा तपशील प्राण गेला तरी न फोडणाऱ्या आपण मंडळींनी एका सहकाऱ्याला, केवळ पेला नाकारण्यासाठी, खोटे बोलण्याची पाळी आणली. यजमानाने 'का?' हा प्रश्न विचारू नये. समोर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारा मधुमेही असेल, ज्याची साखर मद्याने रात्री घसरू शकते. कोणाला न सांगितलेले गर्भारपण असेल. यकृताचा नुकताच आलेला अहवाल असेल. किंवा काहीच नसेल, नुसती इच्छा नसेल.

म्हणून आमच्या घरी कोकमाचा पाक दोन भांड्यांत होतो. एकात वाइनसाठी साखर अधिक, दुसऱ्यात कमी, आणि त्यात ठेचलेले आले व थोडे भाजलेले धणे घालून रात्रभर मुरवून गाळलेले. तोच उंच पेला, तोच बर्फ, ४० मिलिलिटर पाक, वर थंड सोडा, तीच लिंबाची साल. ट्रेमध्ये दोन्ही पेले शेजारी ठेवले तर लाल रंगावरून कोणता कोणाचा हे ओळखता येत नाही. घोटाळा नको म्हणून बिनमद्याच्या पेल्यात आम्ही पुदिन्याची काडी खोचतो आणि ते सर्वांना आधीच सांगतो. हा पेला आधी फिरतो, मग दुसरा. आमचे वडोदऱ्याचे व्याही दारूबंदीच्या राज्यातून येतात, ते गोव्यात पोहोचल्यावर मोठ्या उत्साहाने दुसऱ्या ट्रेकडे वळतील अशी आमची अटकळ होती. त्यांनी पुदिन्याचे तीन पेले घेतले आणि पाकाची कृती लिहून नेली.

बाटली संपवलीच पाहिजे असा आग्रह धरणारे बहुधा 'उद्या फेस राहणार नाही' असे सांगतात. तोंडात चांदीचा चमचा अडकवून फेस टिकतो ही जुनी समजूत खोटी आहे. पण फेसाळ वाइनसाठी पकडीचे झाकण मिळते, ते लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही पेलाभर बरी निघते. तिसऱ्या दिवशी जे उरेल त्यात साखर घालून आटवावे आणि पिकलेल्या चिकूच्या फोडी त्यात सोडाव्यात.